निजायच्या जागेचा नकाशा

मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात ते लपायचं नाही. कुत्र्याला भितो, विजेला भितो, मुख्याध्यापिका बाईंना भितो. पण भूकंपानंतर या सगळ्या भीती मागच्या बाकावर गेल्या आणि एकच भीती पुढं येऊन बसली, ती डोक्यावरच्या छताची.

लातुरातलं आमचं घर पडलं नव्हतं. त्या पहाटे, गणपती बुडवून सगळं गाव निजलेलं असताना, कुणीतरी पलंग धरून हलवावा तसं झालं आणि मी एका उडीत रस्त्यावर गेलो. बायको मागून आली. म्हणाली, "मला हाक तरी मारायची." किल्लारीच्या बाजूला काय झालं ते आम्हाला दिवस उजाडल्यावर कळलं. आमच्या भिंतीला नुसती एक भेग गेली होती. इंजिनिअर येऊन बघून गेला, म्हणाला गिलावा तडकलाय, घर पक्कं आहे. मी हो हो म्हणालो आणि आठवड्याच्या आत अंगणात पत्र्याची खोली उभी केली. तेव्हापासून आम्ही पत्र्यात झोपायला लागलो.

पुढच्या काही वर्षांत लातुरात क्लासचं पेव फुटलं. गल्लीगल्लीत पाट्या लागल्या, मेरिटमध्ये आलेल्या पोरांचे फोटो विजेच्या खांबांवर चढले, आणि नांदेडहून, हिमायतनगरहून, कंधारहून, देवणीहून मुलं ट्रंका घेऊन उतरायला लागली. मी स्लॅबच्या तिन्ही खोल्या अशा मुलांना भाड्यानं दिल्या. म्हणजे ज्या छताखाली मला डोळा लागत नव्हता, त्या छताखाली परगावची सहा पोरं निवांत घोरत होती. कुणी विचारलंच तर मी म्हणायचो, पत्र्यात हवेशीर वाटतं. मे महिन्यात लातुरात पत्र्याखाली किती हवेशीर वाटतं, ते बायको न बोलता नुसती माझ्याकडं बघून सांगायची.

शाळेत मी भूगोल शिकवायचो. नववीच्या पुस्तकात भूकंपाचा धडा होता. पूर्वी मी तो फळ्यावर पृथ्वीचे थर काढून, रंगीत खडू वापरून, चांगला रंगवून शिकवायचो. आता तो धडा आला की म्हणायचो, "सोपा आहे, घरी वाचा." वर्गात कुणी हूं की चूं करायचं नाही. त्यांनाही तो धडा नकोच असायचा.

अशा माणसाच्या नशिबात जपान आलं. तिकडच्या एका शाळेनं एका संस्थेमार्फत पत्र पाठवलं होतं. नववी झालेली दहा मुलं, सोबत दोन शिक्षक, बारा दिवस. मुलांनी तिकडच्या कुटुंबांत राहायचं, शाळेत बसायचं, आपलं काही करून दाखवायचं, त्यांचं बघायचं. अट एकच होती. दहांतलं निदान एक मूल भूकंपग्रस्त गावातलं पाहिजे. मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या, "गाण्याच्या बाई जातीलच. दुसरे तुम्ही. तुमचं इंग्रजी बरं आहे, आणि शेवटी भूगोल तुमचाच विषय." भूगोल माझाच विषय होता, हीच तर अडचण होती. जगाच्या नकाशात जपानवर कुठला पट्टा रंगवतात ते मी झोपेत सांगितलं असतं. पण त्या क्षणी जपान लांब होतं आणि बाई समोर होत्या, म्हणून मी हो म्हणालो.

मुलं मिळता मिळेनात. लोकांना वाटेल, फुकटात परदेश म्हटल्यावर रांग लागली असेल. लातुरात लागली नाही. दहावीच्या बॅचा मे महिन्यातच सुरू व्हायच्या. एका हुशार मुलाचे वडील माझ्यावर खेकसले, "बारा दिवस? सर, तेवढ्यात बीजगणित निम्मं होतं!" शेवटी मेरिटची आशा नसलेली किंवा आईबापांना त्याची फिकीर नसलेली नऊ मुलं जमली. दहावं मूल म्हणजे वसतिगृहात राहणारी, किल्लारीकडच्या एका गावातली मुलगी. अट पुरी करणारी तीच एक. ती नाही म्हणाली असती तर सगळंच बारगळणार होतं.

ती हो म्हणाली. प्रश्न तिच्या वडिलांचा होता.

ते एका रविवारी दुपारी माझ्या घरी आले. शेतकरी माणूस, डोक्याला पटका, पायात टायरच्या चपला. घरातली बायको आणि मुलगा भूकंपात गेलेले, उरली ही पोरगी. त्यांच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं की त्या रात्री ते शेतात राखणीला गेले होते, म्हणून वाचले. लष्कराचे जवान आले तेव्हा हेच ढिगाऱ्यावर उभे राहून जागा दाखवत होते. त्यांनी दाखवलेल्या तीन जागांपैकी एका जागी पोरगी जिती निघाली.

त्यांनी पाणी घेतलं, पेला खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "सर, तिकडं हलतं का?"

मी भूगोलाचा शिक्षक. वीस वर्षं पोरांना नकाशे भरायला लावलेले. मी म्हणालो, "न्हाई हो. लई पुढारलेला देश हाय तो."

पुढारलेपणाचा आणि हलण्याचा काय संबंध, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवला. मला बाकीच्या नऊ मुलांचे तयार पासपोर्ट दिसत होते, बाईंचा चेहरा दिसत होता, आणि मी मनाशी म्हणत होतो की बाराच तर दिवस आहेत. बारा दिवस धरणीनं कळ काढली म्हणजे झालं.

"मंग माझं एकच सांगणं हाय," ते म्हणाले. "ती रोज कुठं निजती, ते तुम्हाला ठाऊक पाहिजे. कंच्या खोलीत, कंच्या भिंतीला, दार कुठं. त्या राती ती कणगीपाशी निजलेली. रोज आईपाशी निजायची. पन भावाशी भांडली आन् रुसून कणगीपाशी जाऊन पडली. मी जागा दाखवली म्हणून निघाली. न्हाई तर जवान आईपाशीच उकरत बसले असते. बाहेर एक तरी माणूस पाहिजे सर, ज्याला ठाऊक हाय."

मी शब्द दिला. मग त्यांनी अंगणाकडं बघून विचारलं, "सर, तुम्ही कुठं निजता?"

"पत्र्यात," मी म्हणालो. "हवेशीर वाटतं."

"आन् ही पोरं?"

स्लॅबच्या खोलीतून कुणीतरी मोठ्यानं पाढे म्हणावेत तशी सूत्रं घोकत होतं.  त्यांनी तिकडं एकदा बघितलं आणि रामराम करून गेले. ते गेल्यावर बायको म्हणाली, "तिकडं गेल्यावर पत्र्याची खोली मागू नका म्हणजे झालं. लाज जाईल."

विमानात मी देवाचं नाव घेत बसलो होतो, पण खरं सांगायचं तर विमानाची भीती मला फारशी वाटली नाही. वर छत होतं, पण त्यावर दगडमाती नव्हती. खरी भीती उतरल्यावर सुरू झाली. ते गाव लहान आणि देखणं होतं, रस्ते धुऊन पुसून ठेवलेले. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मी इमारतींचे मजले मोजत होतो. मुलं आपापल्या यजमान कुटुंबांबरोबर हात हलवत निघून गेली, आणि गाण्याच्या बाईंना आणि मला एका अतिथिगृहात उतरवलं. माझी खोली सहाव्या मजल्यावर होती. मी गादी ओढून दारापाशी आणली आणि बूट घालून झोपलो. झोपलो म्हणजे पडून राहिलो.

पहिल्या दिवशी शाळेत त्यांनी पाहुण्या मुलांना एक सराव करून दाखवला. भोंगा वाजला की काय करायचं, याचा. दुभाषा म्हणून एक हिंदी शिकलेल्या तिकडच्या बाई होत्या, त्यांनी मला बोलावलं. भोंगा हा शब्द ऐकताच मी म्हणालो, मला मुख्याध्यापकांशी महत्त्वाचं बोलायचं आहे. मग मी अर्धा तास त्यांच्या खोलीत हिरवा कडू चहा पीत बसलो, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसत राहिलो, कारण दोघांकडंही बोलायला महत्त्वाचं काही नव्हतं. लांबून भोंगा वाजलेला ऐकू आला तेव्हा माझा चहा बशीत सांडला.

मधल्या सुट्टीत ती मुलगी माझ्याकडं आली.

"सर, इथं हलतं."

मी म्हणालो, "नुसता सराव असतो तो. आपल्याकडं नाही का आग विझवायचा सराव करत."

"तसं न्हाई. भूगोलाच्या पुस्तकात हाय. तुम्ही घरी वाचायला दिलेला धडा. मी वाचला होता."

"मग वडिलांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पाठवलं असतं का त्यांनी? मला बघायचं होतं, इथली माणसं घरात कशी निजतात ते." मग ती म्हणाली, "मी खोटं बोलले तर चालतं सर. तुम्ही भूगोल शिकवता."

तिच्या आवाजात राग नव्हता. परीक्षेतली चूक दाखवावी तसं तिनं दाखवलं आणि गेली. मला वाटलं, आता हिला तोंड कसं दाखवू. पण तेवढ्यात दुसरी काळजी आठवली. ती कुठं झोपते हे मला माहीतच नव्हतं, आणि तिच्या बापाला मी शब्द दिला होता. मी दुभाष्या बाईंना गाठून विचारलं की त्या मुलीची निजायची जागा नेमकी कुठं आहे, खोलीत कुठल्या भिंतीला. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. परक्या देशात एक पन्नाशीचा मास्तर शाळकरी पोरीच्या अंथरुणाची चौकशी करतोय! मी समजवायला गेलो तितका जास्त गुंतत गेलो. शेवटी गाण्याच्या बाई मधे पडल्या आणि निस्तरलं. नंतर मला म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा गप्प बसत चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं वहीचा एक कागद माझ्या हातात ठेवला. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. कागदावर पट्टीनं आखलेली खोली होती. सरकतं दार, खिडकी, कपाट, जमिनीवरचं अंथरूण, डोकं कुठल्या बाजूला त्याची खूण. शेजारची खोली यजमानबाईंची, बाहेर जायचा जिना, आणि कोपऱ्यात दिशा. नकाशात दिशा दाखवायला मीच शिकवलं होतं.

"बा विचारतील," ती म्हणाली. "आता तुमचा द्या."

"माझा कशाला?"

"तुम्ही कुठं निजता ते बी बाहेर कुणाला तरी ठाऊक पाहिजे की."

मी काढून दिला. सहावा मजला, दार, दारापाशी गादी. बूट दाखवले नाहीत. तिनं तो बघितला, घडी घातली आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला. भूकंपाला आता चारपाच वर्षं झाली होती आणि या सगळ्या काळात माझ्या भीतीची अशी सरळ विचारपूस कुणी केली नव्हती. मला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

दिवस जायला लागले. मुलं काड्यांनी भात खायला शिकली. आपल्या शेंगाच्या चटणीनं तिकडच्या पोरांच्या डोळ्यांतून पाणी काढलं. आमच्या कार्यक्रमात आम्ही लेझीम केलं आणि येळवस दाखवली. लातूरकडं येळवशीला सगळं घर शेतात जातं, कडब्याची कोप म्हणजे खोपटं करतात, आत पूजा मांडतात आणि आंबील शिंपडत कोपीभोवती फिरतात. कडबा विमानात न्यायला मिळाला नव्हता. म्हणून तिकडच्या मुलांनी जुन्या वर्तमानपत्रांची कोप बांधून दिली. ती मुलगी तालमीच्या वेळी त्या कागदी कोपीत जाऊन बसायची आणि बाहेर यायला नको म्हणायची. गाण्याच्या बाईंनी विचारलं तर म्हणाली, "पडली तरी लागत न्हाई ही."

मी मात्र रोज सकाळी उठून एक दिवस खोडत होतो. दहावा दिवस उजाडला तेव्हा मला पहिल्यांदा भूक लागल्यासारखी वाटली.

तिकडच्या शाळेत मुलं वर्गातच जेवतात, वाढतातही मुलंच. त्या दुपारी आमची दहा मुलं त्यांच्या वर्गात मिसळून बसली होती. मी आणि गाण्याच्या बाई मागं, दाराजवळ. पाहुण्यांना तिकडं वर्गात घालायला सपाता देतात, त्या माझ्या पायात होत्या. वाडग्यात सूप होतं. मी बघितलं तर ते सूप आपलं आपण थरथरत होतं. मग वर्गातले सगळे वाडगे एकदम वाजले.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. आठवतं ते हे की मी मैदानात उभा होतो. एकटा. उन्हात. पायात एकच सपात, दुसरी जिन्यात कुठंतरी गेलेली. समोर तीन मजली शाळा, तिच्या काचा खडखडत होत्या, आणि माझ्यावाचून कुणीही बाहेर आलेलं नव्हतं. चारशे पोरांच्या शाळेतून एक माणूस पळाला होता आणि तो मी होतो. आम्हा लोकांच्या अंगात एकच भिनलेलं, हललं की बाहेर. ट्रक गेला तरी बाहेर, कुणी मोठ्यानं दार आपटलं तरी बाहेर. पण ते नुसतं निमित्त. माझ्या हाताच्या अंतरावर दहा लेकरं होती आणि मी एकालाही हाक मारली नाही. बायकोचं वाक्य मला तिथं आठवलं.

हलायचं थांबलं. थोड्या वेळानं कर्णे बोलले आणि मुलं रांगेनं बाहेर यायला लागली. त्यांच्या खुर्च्यांवर ज्या उशा असतात त्याच टोपड्यासारख्या त्यांनी डोक्यावर घातल्या होत्या. कुणी रडत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. आमची मुलं मधेमधे होती, त्यांनीही टोपडी घातलेली. गाण्याच्या बाई सगळ्यात मागून आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण पायात दोन्ही सपाता होत्या. मी बोट दाखवत मोजलं. नऊ. परत मोजलं. नऊच.

"ती कुठाय?" मी विचारलं.

बाईंनी मागं वळून बघितलं. त्यांना वाटलं होतं ती पुढच्या रांगेत गेली. तिकडच्या शिक्षकांना वाटलं होतं पाहुणी मुलं बाईंजवळ आहेत.

माझ्या खिशात नकाशा होता. मी तो खरंच काढून बघितला. घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. कागदावर खोली होती, दार होतं, अंथरूण होतं, आणि या शाळेतलं त्यात काहीच नव्हतं. बापाला शब्द देऊन मी बसलो होतो रात्रीचा, आणि पोरगी दिवसा हरवली होती.

मी आत गेलो. हे शौर्य म्हणून सांगत नाही. पायऱ्यांशी माझे पाय अडले, मग मी कठड्याला धरून धरून चढलो. प्रत्येक पायरीवर वाटत होतं, आता परत हलेल, आता हे सगळं डोक्यात येईल. तिकडचे एक शिक्षक ओरडत माझ्यामागं धावले. वर्गात पोचलो तर जमिनीवर सूप सांडलेलं आणि सगळी टेबलं जागच्या जागी. शेवटून दुसऱ्या टेबलाखाली ती होती. गुडघे पोटाशी घेतलेले, दोन्ही हातांनी टेबलाचा पाय धरलेला, डोळे उघडे.

मी खाली वाकलो. वय आणि पोट दोन्ही आड आलं, पण टेबलाखाली अर्धा शिरलो.

"थांबलं का, सर?"

"थांबलं."

"खरं सांगा."

"खरंच थांबलं. बाळा, चल."

तिची बोटं सुटेनात. मी एकेक करून सोडवली. दहा वर्षांच्या पोरीसारखी गार बोटं होती ती. सगळा वर्ग उठला तेव्हा हिला उठताच आलं नव्हतं, आणि कुणाला हाकही मारता आली नव्हती. ढिगाऱ्याखाली ती असंच निपचित पडली असणार, हे मला त्या क्षणी कळलं आणि मी तिथंच रडायला लागलो. तीच मला म्हणाली, "रडू नका. तुम्ही बाहेर होता ना?"

"हो," मी म्हणालो.

"बरं केलं. आत कोण राहिलंय ते सांगणारा एक तरी बाहेर पाहिजे. बा बाहेर होते म्हणून मी निघाले."

मी तिला सांगायला पाहिजे होतं की मी काही सांगण्यासाठी बाहेर गेलो नव्हतो, जीव घेऊन पळालो होतो. मागं आलेल्या शिक्षकांनी तिला उचललं आणि आम्ही खाली उतरलो. त्या दुपारी तिकडच्या लोकांनी मैदानात पुन्हा जेवण वाढलं, जणू रोजचाच प्रकार. दुभाष्या बाईंनी माझी हरवलेली सपात पुसून आणून दिली आणि वर माझीच क्षमा मागितली.

परतीच्या दोन दिवसांत आणि मुंबईहून लातूरला येणाऱ्या बसमध्ये मी एकच गोष्ट घोकत होतो. वडिलांनी विचारलं तर काय सांगायचं. एकदा ठरवायचो की काही झालंच नाही म्हणू. पोरगी सुखरूप आहे, विषय संपला. मग ती समोरच्या सीटवर झोपलेली दिसायची, आणि मला तिचं ते वाक्य आठवायचं, तुम्ही भूगोल शिकवता.

बस सकाळी पोचली. ते स्टँडवर उभे होते, केव्हाचे कोण जाणे. पोरगी उतरली तसं त्यांनी तिच्या डोक्यावर, खांद्यांवर, दोन्ही दंडांवर हात फिरवून बघितला, बाजारातून आणलेलं मडकं तपासावं तसा. मग ती बॅग काढायला बसच्या मागं गेली आणि आम्ही दोघंच राहिलो.

"हललं का सर तिकडं?"

"हललं," मी म्हणालो. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता आलं नाही. "तिकडं हलतं हे मला ठाऊक होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो. आणि हललं तेव्हा पोरगी आत सोडून मी बाहेर पळालो. नंतर आत जाऊन आणली, पण आधी पळालो. तिला वाटतं, आत कोण आहे ते सांगायला मी बाहेर गेलो होतो. तिला मी खरं सांगितलं नाही. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

ते मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तिला सांगू बी नका," ते म्हणाले.

मग बसच्या मागच्या बाजूला एकदा बघून घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "सर, त्या राती मी शेतात न्हवतो."

मला समजलं नाही.

"घरातच होतो. दारापाशी निजलेलो. हललं आन् पाय आपसूक बाहेर गेले. अंगणात येऊन मागं वळलो तर घर न्हवतं. लोकांनी इचारलं तर म्हणलो, शेतात होतो. पोरीला बी तेच ठाऊक हाय." त्यांनी पटक्याचं टोक तोंडावरून फिरवलं. "ती रुसून कणगीपाशी निजली, हे मला शेतातून कसं दिसलं असतं, सर?"

पत्र्याच्या खोलीसमोर बसून त्यांनी मला हे जवळजवळ सांगितलंच होतं. मी ऐकलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात मुलगी बॅग ओढत आली. आमच्या दोघांच्या तोंडांकडं तिनं आळीपाळीनं बघितलं.

"काय बोलायलात?"

"काही नाही," मी म्हणालो. "तू तिकडं कुठं निजत होतीस, ते विचारतायत."

मी खिशातून कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला होता. तिनं सरळ करून दिला आणि बोट ठेवून दाखवायला लागली. हे कपाट, ही खिडकी, ही मी. त्यांचं बोट तिच्या अंथरुणापासून निघालं आणि हळूहळू सरकत दाराच्या रेघेपाशी जाऊन थांबलं.

"दार जवळ हाय," ते म्हणाले.